फ्लूची लस गळ्यातल्या पट्ट्याचा रंग बघून देऊ नका

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, ऐरोली, बीकेसी, कुठेही जा, मोठ्या ऑफिसांमध्ये फ्लूच्या लसीचे कॅम्प लागतात. एचआरचा मेल येतो, लिंकवर फॉर्म भरायचा, स्लॉट घ्यायचा, खाली ट्रेनिंग रूममध्ये जायचं आणि टोचून परत जागेवर. बाहेर हीच लस दीड-दोन हजाराला पडते, इथे फुकट नाहीतर निम्म्यात. मी दरवर्षी घेते, टीममधल्या नव्या पोरांच्या मागे लागून त्यांनाही घ्यायला लावते, त्यामुळे मी लसीच्या किंवा कॅम्पच्या विरोधात लिहितेय असं कृपया कोणी समजू नका. माझं म्हणणं एवढंच आहे की या कॅम्पची यादी चुकीच्या जागेवरून काढली जाते. ती पे-रोलवरून काढली जाते आणि त्यामुळे त्या बिल्डिंगमध्ये ज्यांना या लसीची सगळ्यात जास्त गरज आहे तेच नेमके यादीबाहेर राहतात.

कोण राहतं बाहेर? हाउसकीपिंगच्या मावशी, सिक्युरिटीवाले, कॅन्टीन आणि पॅन्ट्रीतली माणसं, एसी आणि लिफ्टचं मेंटेनन्स बघणारे, रात्रीच्या शिफ्टला मुलींना घरी सोडणारे कॅबवाले दादा. हे सगळे थर्ड पार्टीचे, म्हणजे कंपनीच्या नाही, कॉन्ट्रॅक्टरच्या पगारावरचे. गळ्यातला पट्टा वेगळ्या रंगाचा, जेवायची जागा बहुतेक वेळा वेगळी आणि मेल आयडी नाही, म्हणजे एचआरचा तो मेल त्यांच्यापर्यंत पोचायचा प्रश्नच नाही. मुद्दाम कोणी त्यांना वगळलंय असंही नाही, मेलची ग्रुप लिस्ट ऑन-रोल, म्हणजे थेट कंपनीच्या पगारावरच्या लोकांची असते, कॅम्प लावणाऱ्या व्हेंडरला दिलेला आकडा त्या लिस्टवरून येतो, तेवढेच डोस मागवले जातात, बस. पण कोणी मुद्दाम केलं नाही म्हणून परिणाम बदलत नाही ना.

मागच्या कॅम्पच्या वेळी आमच्या इथे ट्रेनिंग रूमच्या दाराशी टेबल टाकून सिक्युरिटीचे काका बसले होते. हातात रजिस्टर, नाव विचारायचं, आयडी बघायचा, टिक करायची, पुढच्याला आत सोडायचं. आत नर्स, तिच्या बाजूला निळा व्हॅक्सिन कॅरियर, त्यात बर्फाच्या पॅकमध्ये आधीच भरून आलेल्या सिरिंज, दंडावर कापूस, छोटी गोल पट्टी आणि मग पंधरा-वीस मिनिटं खुर्चीत बसायचं, तिथे फ्रूटी आणि बिस्किटं. काका पन्नाशीच्या पुढचे आहेत, त्यांना शुगर आहे, अकराच्या सुमारास काहीतरी पोटात गेलंच पाहिजे म्हणून ते डबा टेबलाखाली ठेवतात, हे आमच्या मजल्यावर सगळ्यांना माहितीये. मधे थोडी गर्दी ओसरली तेव्हा त्यांनी नर्सला विचारलं, "मॅडम, ही बाहेर कितीला पडते?" तिने किंमत सांगितली. त्यांनी मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं.

आता बघा, त्या दिवशी त्या दारातून आत गेलेले बहुतेक जण पंचवीस ते पस्तीस वयाचे, धडधाकट. आणि ज्याला डॉक्टर पहिल्यांदा लस घे म्हणून सांगतील तो माणूस दारात बसून टिक करत होता. डायबेटिस, दमा, फुफ्फुसाचे जुने आजार, हृदयाचा त्रास, किडनीचा त्रास, गरोदरपण, साठी-पासष्टीच्या पुढचं वय, यांच्यात फ्लू बिघडतो, न्यूमोनियावर जातो, अ‍ॅडमिट करावं लागतं. आरोग्य मंत्रालयाच्या सूचना असोत की जागतिक आरोग्य संघटनेच्या, हेच गट पुढे ठेवलेले आहेत. धडधाकट तरुणाला फ्लू झाला तर तो चार-पाच दिवस आडवा होतो आणि उठतो. त्यानेही लस घ्यावी, जरूर घ्यावी, पण डोस मोजके असतील तर रांगेत आधी कोण, हा प्रश्न विचारायलाच हवा.

फ्लू म्हणजे साधी सर्दी, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, पुण्यातही भेटतात, याचं मला फार वाटतं. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ ला याच शहरात झाला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती ती. शाळा, कॉलेजं, थिएटरं, मॉल बंद झाले, नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी तोंडाला रुमाल बांधून माणसांच्या रांगा लागल्या होत्या. मग २०१५ ला परत मोठी साथ आली, देशभरात ४२ हजारांवर केसेस आणि जवळपास तीन हजार मृत्यू. स्वाइन फ्लूचा तो विषाणू, एच१एन१, कुठे गेलेला नाही, तो आता दरवर्षीच्या फ्लूमधलाच एक झालाय आणि दरवर्षीच्या लसीत त्याचा भाग असतो. जगभरात फ्लूमुळे श्वसनाच्या त्रासाने वर्षाला २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख माणसं जातात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

पण जोखीम फक्त शुगर-बीपीमुळे वाढते असं नाही, रजेमुळेही वाढते, आणि याबद्दल आपल्या ऑफिसांत कोणी बोलतच नाही. मला ताप आला तर मी सकाळी मॅनेजरला मेसेज टाकते, सिक लीव्ह लागते, नाहीतर वर्क फ्रॉम होम घेते, पगाराला धक्का नाही. काकांना ताप आला तर? राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत आणि कामाच्या दिवसांवर साठत जाणारी हक्काची रजा आहे, पण आजारपणाची रजा म्हणून वेगळी अशी काही नाही, ती आपल्याला मिळते ती कंपनीच्या पॉलिसीने. मग राहते ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्याला ती लागू आहे, कापलेल्या पैशाची नोंद त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर असते, आजारपणात पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. ऐकायला बरं वाटतं. पण आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत, आधीचं आजारपण संपून पंधरा दिवस झाले नसतील तरच ती अट सुटते. आणि फ्लूचा जोर असतोच किती दिवस, तीन-चार. म्हणजे ज्या दिवसांत माणूस खरोखर तापाने फणफणत असतो त्यातले दोन दिवस बिनपगारी, उरलेल्या एक-दोन दिवसांच्या भत्त्यासाठी ईएसआयच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणायचं, कागद भरायचे. कोण करणार? त्यापेक्षा क्रोसिन घेऊन, मफलर गुंडाळून माणूस ड्युटीवर येतो. ताप अंगावर काढतो. वर सुपरवायझरचं असतंच की रिलीव्हर (बदली माणूस) नाहीये, आजचा दिवस काढा, आणि खाडा पडला की पगारात दिसतोच.

हातावर पोट असलेल्या माणसाला "बरं वाटत नसेल तर घरी थांबा" असं पोस्टर लिफ्टजवळ लावून काय उपयोग? ते पोस्टर पुसायचं कामही त्या मावशींचंच.

आणि ज्यांना यात दया-माया वगैरे नको, निव्वळ स्वतःचं बघायचंय, त्यांनीही थोडा विचार करावा. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस दुसऱ्याला देऊ शकतो. पूर्ण बिल्डिंगमध्ये प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक केबिनमध्ये, प्रत्येक वॉशरूममध्ये दिवसातून तीन-चार वेळा जाणारं माणूस कोण असतं? मी तर दिवसभर माझ्या एका खुर्चीत असते, फार तर कॅन्टीनपर्यंत. खिडक्या न उघडणाऱ्या एसी बिल्डिंगमध्ये ताट वाढणारा, चहाचा कप हातात देणारा, गेटवर बॅग तपासणारा माणूस शेकडो लोकांच्या दोन-तीन फुटांवर येतो. त्यांना सोडून बाकी सगळ्यांना लस द्यायची, म्हणजे संसर्ग जिथून सगळीकडे पोचतो तीच जागा उघडी ठेवायची.

हे बोलून दाखवलं की उत्तर ठरलेलं असतं, "ते आमचे एम्प्लॉयी नाहीत, ते कॉन्ट्रॅक्टरने बघायचं." कागदावर बरोबर आहे. पण कॉन्ट्रॅक्टर कसा निवडला जातो हे अ‍ॅडमिनमधल्या माणसाला विचारा. टेंडर, सगळ्यात कमी रेट, त्या रेटमध्ये मिनिमम वेजेस, पीएफ, ईएसआय, युनिफॉर्म आणि त्याचं सर्व्हिस चार्ज. त्यात माणशी एवढी महाग लस तो कुठून घालणार, घातली तर टेंडर जाईल. आणि मुख्य मालकाची, म्हणजे ज्या कंपनीचं ऑफिस तिची, काहीच जबाबदारी नाही हे आपल्याकडच्या कायद्याने कधीच मानलेलं नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात पिण्याचं पाणी, कॅन्टीन, विश्रांतीची जागा, फर्स्ट एड या सोयी कॉन्ट्रॅक्टरने दिल्या नाहीत तर मुख्य मालकाने द्यायच्या आणि खर्च कॉन्ट्रॅक्टरकडून वसूल करायचा असं स्पष्ट होतं, २०२० च्या नव्या कामगार संहितेत तर या कल्याणकारी सोयींची जबाबदारी सरळ मुख्य मालकावरच टाकली आहे. फ्लूची लस त्या यादीत नाही, हे मला मान्य आहे, मी कायद्याने सक्ती आहे असं म्हणतच नाहीये. पण छप्पर ज्याचं, त्या छपराखाली राबणाऱ्याच्या तब्येतीचं थोडंतरी त्याने बघायचं, हे तत्त्व पन्नास वर्षांहून जुनं आहे, आणि जी कंपनी स्वतःहून कॅम्प लावतेच आहे तिला ते लावून धरायला काय हरकत आहे?

खर्चाचं बोलू. कॅम्प विकणारे व्हेंडर कंपन्यांना सांगतात की लसीमुळे रजा कमी होतात, पैसे वसूल होतात. यात तथ्य आहे पण अर्धवट. अमेरिकेत मिनेसोटामध्ये १९९४-९५ च्या सीझनला नोकरदार निरोगी माणसांवर एक अभ्यास झाला होता, त्यात लस घेतलेल्यांच्या श्वसनाच्या आजाराच्या रजा ४३ टक्क्यांनी कमी भरल्या, आणि हा आकडा अजून सगळीकडे फिरतो. पण नंतर मिशिगनमध्ये फोर्ड मोटर कंपनीच्या कर्मचाऱ्यांवर १९९७ ते ९९ असे दोन सीझन अभ्यास झाला. ज्या वर्षी लसीतला विषाणू आणि बाहेर फिरणारा विषाणू जुळले नाहीत त्या वर्षी फायदा दिसलाच नाही, आणि ज्या वर्षी छान जुळले त्या वर्षी आजारपण आणि रजा साधारण एक तृतीयांशाने कमी झाल्या, तरीसुद्धा पैशाचा हिशोब मांडला तर निरोगी तरुणांना लस देऊन बचत झाली नाही. मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो. कारण निव्वळ पैसे वाचवायला कॅम्प लावत असाल तर ऑन-रोल पोरांपुरता कॅम्प लावून ते वाचतीलच अशी खात्री नाही. मग कॅम्प कशासाठी? माणसं हॉस्पिटलात जाऊ नयेत म्हणून. आणि तसं असेल तर जे हॉस्पिटलात जायची जास्त शक्यता आहे, आणि गेले तर ज्यांचं घर कर्जात बुडेल, त्यांना आधी द्या. लस चांगली जुळली तर डॉक्टरकडे जावं लागेल असा फ्लू ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो, पूर्ण थांबत नाही. हे लपवायचंही कारण नाही. पन्नाशीच्या डायबेटिक माणसासाठी एवढा फरकसुद्धा मोठा आहे.

आणि आकडा तरी किती? चार-पाचशे लोकांच्या ऑफिसला थर्ड पार्टीची माणसं पन्नास-साठ असतील. एका ऑफसाइटच्या जेवणाच्या बिलात हे सगळे डोस बसतात.

जमत नाही म्हणू नका, कारण जमलेलं आपण पाहिलंय. एप्रिल २०२१ मध्ये केंद्राने ऑफिसातच कोविड लसीकरणाला परवानगी दिली, शंभरेक पात्र माणसं असली की जवळच्या लसीकरण केंद्राला जोडून कॅम्प, नंतर मे महिन्यात घरच्यांनाही घ्यायची सोय झाली. तेव्हा कितीतरी कंपन्यांनी हाउसकीपिंग, सिक्युरिटी, ड्रायव्हर सगळ्यांना त्याच रांगेत उभं केलं, कारण त्यांच्याशिवाय ऑफिस उघडणारच नव्हतं. पट्ट्याचा रंग कोणी विचारला नाही. याद्या बनल्या, आधार नंबर गोळा झाले, शिफ्ट संपल्यावर थांबून लोकांनी लस घेतली. त्याच अ‍ॅडमिन टीम, तेच व्हेंडर, तीच ट्रेनिंग रूम.

आता एक गोष्ट, जी ऑन-रोल लोकांनाही लागू आहे आणि मला दरवर्षी खटकते. बऱ्याच मल्टिनॅशनल कंपन्यांचे कॅम्प ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लागतात कारण कॅलेंडर अमेरिकेहून येतं, तिथे थंडीत फ्लू असतो. आपल्याकडे महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, आणि मग एक छोटी लाट जानेवारी ते मार्चच्या सुमारास. पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या लोकांनी देशातल्या वेगवेगळ्या शहरांचा डेटा घेऊन हे मांडलेलं आहे, श्रीनगरला हिवाळ्यात फ्लू वाढतो आणि आपल्यासारख्या बहुतेक भागांत पावसाळ्यात, म्हणून लसीसाठी श्रीनगरला ऑक्टोबर-नोव्हेंबर ठीक आणि आपल्यासारख्या पावसाळ्यातल्या फ्लूवाल्यांना एप्रिल-मे. लस घेतल्यावर अंगात प्रतिकारशक्ती यायला दोन आठवडे लागतात आणि पुढच्या काही महिन्यांत ती हळूहळू उतरते. म्हणजे नोव्हेंबरमध्ये टोचून घेतलेली लस पुढच्या ऑगस्टपर्यंत बरीच विरलेली असते, जेव्हा आपल्याला तिची खरी गरज असते. लसीत काय घालायचं ते जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा सांगते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, आणि कॅम्प लावताना मिळणाऱ्यातली सगळ्यात ताजी लस मागायची. इथल्या एचआरने एवढं तरी हेड ऑफिसला ठणकावून सांगावं की आमचा सीझन वेगळा आहे.

थर्ड पार्टीच्या माणसांसाठी कॅम्प लावायचा तर अजून एक काळजी घ्यावी लागेल, ती म्हणजे फॉर्म. आमच्याकडे लिंकवरच्या फॉर्ममध्ये डायबेटिस आहे का, काही औषधं चालू आहेत का, गरोदर आहात का असे प्रश्न होते आणि ती शीट एचआरच्या दोन-तीन जणांना उघडत होती. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने दुसरा महिना चालू असताना केवळ या एका प्रश्नापायी फॉर्म भरलाच नाही, कारण ऑफिसात तिने अजून कोणाला सांगितलं नव्हतं. खरंतर गरोदर बाईला ही लस आवर्जून द्यायला सांगतात. हे प्रश्न नर्सने किंवा डॉक्टरने समोरासमोर विचारायचे आणि तो कागद त्यांच्याकडेच राहायचा, कंपनीकडे फक्त "इतक्यांनी लस घेतली" एवढा आकडा. सुपरवायझरच्या हातात जर सिक्युरिटीच्या माणसांच्या शुगर-बीपीची यादी गेली तर पुढच्या वेळी कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करताना कोणाला "साइट बदलून" पाठवलं जाईल हे वेगळं सांगायला नको. असं होणार असेल तर माणसं खोटं लिहितील, आणि त्यांचं चूक नसेल.

फॉर्म मराठीत आणि हिंदीत हवा, मोठ्या अक्षरात. आणि टोचायच्या आधी कोणीतरी पाच मिनिटं बसून बोलायला हवं, कारण शंका असतात, खऱ्या असतात. "ही घेतली की फ्लू होतो म्हणे" हे मी मॅनेजर लोकांकडूनही ऐकलंय. टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्याने फ्लू होऊ शकत नाही, दंड दुखतो, एखाद-दुसरा दिवस कणकण येते, बास. लस बहुतेक वेळा अंड्यात वाढवलेल्या विषाणूपासून बनते, तर अंडं न खाणाऱ्यांना ते आधी सांगायला हवं, ते घेतील नाहीतर नाही घेणार, त्यांचा प्रश्न. ज्यांना आधीच्या डोसने जोरदार रिअ‍ॅक्शन आली असेल त्यांनी घेऊ नये, ताप असेल त्यांनी नंतर घ्यावी. आणि कोणी "नको" म्हणालं तर नको. कोविडच्या वेळी लस नाही तर गेटच्या आत नाही असं ज्यांनी अनुभवलंय त्यांच्या मनात अजून राग आहे, तो मी ऐकलाय. ज्याची नोकरी महिन्याच्या नोटिशीवर आहे त्याला सुपरवायझरने "घेऊन टाका" म्हटलं की तो हुकूमच होतो, म्हणून विचारणारा सुपरवायझर नसावा, नर्स असावी. आणि कॅम्प ड्युटीच्या वेळेत ठेवा. बारा तास उभं राहिल्यावर त्याला "आता थांबा, लस घ्या" म्हणायचं हे बरोबर नाही. दुसऱ्या दिवशी अंग दुखत असेल तर एक भरपगारी सुट्टी, कॉन्ट्रॅक्टरच्या बिलात न कापता.

सरकारने करायला हवं, हेही मला मान्य आहे. आपल्या राज्याने २०१५ च्या साथीनंतर गरोदर बायका, डायबेटिस-बीपीवाले आणि आरोग्य कर्मचारी यांना सरकारी दवाखान्यात ही लस मोफत द्यायचं ठरवलं, बाकी देशाच्या मानाने हे पुढचं पाऊल होतं. पण देशाच्या नियमित लसीकरणात फ्लू नाही, आणि सकाळी सात ते संध्याकाळी सात ड्युटी करणारा माणूस ओपीडीच्या वेळेत दवाखान्यात जाणार कधी, खाडा पाडून? उलट जिथे तो रोज बारा तास आहेच तिथे लस आणणं सगळ्यात सोपं. सरकारी कोट्यातले डोस आणि मोठ्या ऑफिसांची जागा, नर्स, फ्रिज, याची सांगड पालिकेने घालून दिली तर अजून चांगलं, कोविडच्या वेळी असं झालेलंच आहे.

कोणी ऑफिसमधून हे सुरू करायचं मनावर घेतलं तर फक्त एचआरला सांगून भागणार नाही, कारण थर्ड पार्टीच्या माणसांची यादी एचआरकडे नसते, ती अ‍ॅडमिन-फॅसिलिटीजकडे असते. तिथून प्रत्येक कॉन्ट्रॅक्टरची हजेरीची माणसं काढायची, रिलीव्हर आणि रात्रपाळीचे ड्रायव्हर धरून, त्यावर व्हेंडरला आकडा द्यायचा. डोस कमी पडत असतील तर आधी चाळीशीच्या पुढचे आणि आजारवाले, मग बाकी सगळे, ऑन-रोल असोत नसोत. कॅम्प एप्रिल-मेमध्ये हवा असेल तर मेल फेब्रुवारीत गेला पाहिजे, नवीन वर्षाचं बजेट मार्चमध्ये बंद होतं आणि त्यात ही पन्नास-साठ माणसं धरलेली नसतील तर पुढे वर्षभर कोणी धरत नाही. आमच्या मजल्यावरच्या अकरा जणांनी मिळून तो मेल लिहिलाय, त्यात पहिलं नाव कोणाचं टाकायचं यावर कोणाचं दुमत झालं नाही.